तिसऱ्या रांगेचे मत

आमचे कुटुंब गेली काही वर्षे ज्या गाडीतून हिंडते आहे, ती गाडी मी एक खोटे बोलून घरी आणली. खोटे एका वाक्यात मावेल एवढेच होते. ‘त्या दुसऱ्या गाडीला सात-आठ महिने थांबावं लागेल म्हणतात,’ असे मी जेवताना सहज म्हणालो आणि वरणाचे भांडे पुढे ओढले. प्रत्यक्षात ती दुसरी गाडी इंदूर रस्त्यावरच्या शोरूमच्या मागच्या आवारात तयार उभी होती आणि आठवडाभरात मिळणार होती. हे मला स्पष्ट शब्दांत सांगण्यात आले होते. घरात दुसऱ्या कुणाला हे ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती.

हे खोटे का बोललो ते सांगायचे, तर आधी आमच्या घराविषयी थोडे सांगावे लागेल.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. माधव नगरात आमचे दुमजली घर आहे. घरात मी, पत्नी आणि माझी थोरली बहीण, ताई. ताईने लग्न केले नाही. मुलींच्या शाळेत तिने संस्कृत शिकवले आणि निवृत्त झाल्यावरही त्या विषयाची शिस्त तिच्या बोलण्यात राहिली. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी असतो. म्हणजे घरात माणसे तीन, आणि गाडी घ्यायची ती सात जणांची. इतर शहरांत हा हिशेब कुणाला विचित्र वाटेल, उज्जैनमध्ये वाटत नाही. इथल्या प्रत्येक मराठी घराला पुणे, नाशिक, नागपूर, ठाणे इथे नातेवाईक असतात आणि त्या प्रत्येकाला कधी ना कधी महाकालाचे दर्शन घ्यायचे असते. मंदिराचा परिसर वाढल्यापासून तर आमच्याकडे श्रावण बाराही महिने असतो. पाहुणे येतात, पहिल्या दिवशी महाकाल, काळभैरव, हरसिद्धी होते, आणि रात्री जेवताना कुणीतरी म्हणते, ‘आता एवढं आलोच आहोत तर ओंकारेश्वरही करून टाकू.’ दुसऱ्या दिवशी गाडी निघते.

गाडीत कोण कुठे बसणार, हे कधी ठरवावे लागत नाही. पाहुण्यांमधला वडीलधारा पुरुष पुढे. त्याची मंडळी मध्ये. घरचे माणूस मागे. आमच्याकडे ही रीत इतकी मुरलेली आहे की तिला रीत म्हणावी, असेही कुणाला वाटत नाही. मी गाडी चालवणार, पत्नी बहुधा घरी स्वयंपाकात अडकलेली. त्यामुळे मागे बसणारे घरचे माणूस म्हणजे ताई. आणि ताईला जायचे असे. पाहुण्यांसाठी म्हणून नव्हे, नर्मदेसाठी. ओंकारेश्वरला पोचल्यावर दर्शनाच्या रांगेत ती फारशी रमत नसे, पण नावेत बसली की तिचा चेहरा उजळत असे. पाहुण्यांना ती घाटांच्या कथा सांगे, नावाड्याशी भाव करताना माळवी बोलीत भांडे, आणि परत निघताना दरवेळी म्हणे, ‘चला, दोन-तीन महिन्यांची शिदोरी झाली.’

तर गाडी घ्यायची ठरली, तेव्हा निवड दोन गाड्यांवर आली. दोन्ही तीन रांगांच्या, दोन्ही एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या, किमतीतही फार अंतर नाही. एक पांढरी, उंच, डिझेलची, ट्रकसारख्या सांगाड्यावर बांधलेली. दुसरी राखाडी, ठेंगणी आणि लांब, मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असलेली. मी दोन्ही चालवून पाहिल्या. ताईला बरोबर नेले होते. तिने दोन्ही गाड्यांत, कुणी न सांगता, तिसऱ्या रांगेत बसून पाहिले. आपली जागा तिला माहीत होती. राखाडी गाडीतून उतरल्यावर ती म्हणाली, ‘ही बरी आहे रे. पाय खाली सोडता येतात.’

हे वाक्य मी ऐकले होते. याची नोंद मला इथे मुद्दाम करावीशी वाटते, कारण पुढे अनेकदा मी स्वतःला असे पटवू पाहिले की ते मी नीट ऐकले नव्हते.

पण मी पांढऱ्या गाडीत पुढे बसलो होतो. आयुष्यभर मी हळू आवाजात बोलणारा माणूस. वर्गात मागच्या बाकांवरून ‘सर, आवाज’ अशी हाक आली नाही असा तास क्वचितच गेला असेल. विभागाच्या बैठकीत माझे बोलणे संपण्याआधी दुसऱ्याचे सुरू होते. त्या उंच आसनावर बसून काचेतून खाली पाहिले तेव्हा पुढची मोटार, रिक्षा, दुचाक्या सगळ्या माझ्या नजरेखाली होत्या. बॉनेट एखाद्या ओट्यासारखे पसरले होते. मला ते फार आवडले. इतके आवडले की त्याचे कारण कुणापुढे सांगायची लाज वाटली. म्हणून मी कारण सांगितलेच नाही. त्याऐवजी थांबावे लागेल असे सांगितले.

ताई तेवढेच म्हणाली, ‘अच्छा. मग काय, हीच घे.’

महिन्याभरात माझ्या साडूंनी तीच राखाडी गाडी घेतली. ते फ्रीगंजमध्ये विद्युत साहित्याचे दुकान चालवतात, मोठ्याने बोलतात, मोठ्याने हसतात आणि मराठीत बोलता बोलता मध्येच हिंदीत शिरून तिथेच मुक्काम करतात. पेढे घेऊन आले तेव्हा मी आधीच तयार ठेवलेले वाक्य बोललो, ‘कुणाचं तरी बुकिंग रद्द झालं असेल, म्हणून तुम्हाला लगेच मिळाली.’

‘होऊ शकतं, भाईसाहब,’ साडू म्हणाले. ‘आपली तर किस्मतच तेज आहे.’

ताई पेढा खात होती.

त्यानंतरची काही वर्षे आम्ही दोघे साडू आपापल्या गाडीचे वकील झालो. रविवारी सकाळी टावर चौकात पोहे खायला आमच्या ओळखीची पाच-सहा मराठी माणसे जमतात. तिथे हा खटला नियमाने चाले.

‘घाटात तुमच्या गाडीचा दम निघतो,’ मी म्हणे. ‘एसी लावला की चढ चढत नाही.’

‘आणि तुमची? स्पीड ब्रेकर आला की अंदरचा माणूस बाहेर, बाहेरचा अंदर!’

‘तुमची खाली घासते.’

‘घासते, पण घरच्यांना घासत नाही.’

सगळे हसत. मीही हसे. पण माझ्या बाजूने मी एक मुद्दा नेहमी शांतपणे मांडत असे, आणि शांतपणे मांडल्यामुळे तो अधिक खरा वाटे. ‘तिसरी रांग म्हणाल तर आमच्या गाडीत मोठी माणसंही आरामात बसतात. आमची ताई दरवेळी बसते. तिची कधी तक्रार नाही.’

हे शेवटचे वाक्य खरे होते. तक्रार नव्हतीच. फक्त ताईचे येणे कमी होत गेले होते. आधी उन्हाचे कारण होते. मग गुडघ्याचे. मग एकदा म्हणाली, ‘आता तीच तीच देवळं किती वेळा बघायची. कंटाळा आला.’ पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्र वाचत होतो, किंवा वाचत असल्यासारखा बसलो होतो. ताईला नर्मदेचा कंटाळा येईल हे मला पटले नव्हते. पण पटले नाही असे म्हटले असते तर पुढचा प्रश्न विचारावा लागला असता, आणि तो प्रश्न अखेर शोरूमच्या दारात जाऊन उभा राहिला असता. म्हणून मी म्हणालो, ‘बरोबर आहे. वयही झालंच आता.’

तिचे वय तेव्हा असे काही झाले नव्हते. मी तिला एका वाक्यात म्हातारी करून टाकले.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या गल्लीतले एक तरुण जोडपे आमच्याकडे आले. तो बँकेत नोकरीला, बदली होऊन मराठवाड्यातून इथे आलेला. ती घरून काम करते. त्याची आई नुकतीच त्यांच्याकडे कायमची राहायला आली होती, लहान मूल होते, आणि आता त्यांच्याकडेही पाहुण्यांची रांग लागली होती. त्यांना याच दोन गाड्यांतून एक घ्यायची होती. मोबाइलवर पाहून त्यांचा गोंधळ झाला होता.

‘काका, तिथे सगळेच तज्ज्ञ आहेत,’ तो म्हणाला. ‘आम्हाला वापरलेल्या माणसाचं मत हवंय.’

मी माझे मत दिले. अ‍ॅव्हरेज, सर्व्हिसिंगचा खर्च, ब्रेक, डिकी. तिसरी रांग उभी असली की डिकीत दोन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही, हा दोषही प्रामाणिकपणे सांगितला. एखादा लहान दोष स्वतःहून कबूल केला की ऐकणारा बाकीचे तपासत नाही, हे मला शिक्षकाच्या अनुभवाने ठाऊक आहे.

ती मुलगी मात्र ऐकता ऐकता म्हणाली, ‘आणि तिसऱ्या रांगेत तुमच्याकडे कोण बसतं?’

‘ताई.’

‘मग ताईंनाच विचारू या की. आमच्या आईंना पण तिथंच बसावं लागणार, पाहुणे आले की.’

ताई दिवाणावर बसून मटार सोलत होती. तिने चष्म्यावरून आधी त्या मुलीकडे आणि मग माझ्याकडे पाहिले.

‘चांगली आहे गाडी,’ ती म्हणाली. ‘उंच आहे. मागे शांत असतं.’

‘गुडघे नाही का दुखत?’

‘गुडघे वयाने दुखतात गं. गाडीचा काय दोष.’

मला सुटल्यासारखे वाटले. ही भावना क्षणभरच टिकली, पण तिची चव मला नीट आठवते. ताईने मला वाचवले होते. ज्याला वाचवतात त्याला आपण कशातून वाचलो हे कळत असते. वयाचे ते माझेच वाक्य ती परत बोलली होती.

साडू तिथेच होते. ते म्हणाले, ‘असा फैसला होत नाही, बेटा. पुढच्या हफ्त्यात यांच्याकडे पुण्याची पार्टी येते आहे. दोन्ही गाड्या ओंकारेश्वरला नेतो. घाट चढवतो, उतरवतो, आणि मग सांगतो. थांबा तोपर्यंत.’

पुण्याची पार्टी म्हणजे माझा मावसभाऊ, त्याची बायको आणि तिचे आईवडील. त्याच दिवसांत मुलगा सुटीवर आला होता आणि त्याला गाडी चालवायची हौस होती. ताई येणार का, हे आता कुणी विचारतही नव्हते. सकाळी अंगणात मंडळी गाडीत बसू लागली. मुलगा चाकावर. मावसभाऊ पुढे. त्याची बायको आणि सासू-सासरे मध्ये. पत्नी तिच्या बहिणीबरोबर गप्पा मारायच्या म्हणून साडूंच्या गाडीत गेलेली. मी दार धरून उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आले की घरचे माणूस आता मी आहे.

‘बाबा, मागे जा ना,’ मुलगा म्हणाला. ‘सीट दुमडून देऊ का?’

ताई जाळीच्या दारात उभी होती. ‘डोकं सांभाळ,’ ती म्हणाली. ‘वरची कड लागते.’

ती कड लागलीच.

ही गाडी मी काही वर्षे वापरली होती, तिच्याविषयी अनेकांना मत दिले होते, आणि तिच्या तिसऱ्या रांगेत मी त्या सकाळी पहिल्यांदा बसलो. शास्त्र शिकवणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट नुसती चूक म्हणून सोडून देण्याजोगी नाही. जे मोजले नाही ते मी सांगत आलो होतो.

सांगाडा खाली असल्यामुळे मागची जमीन उंच आहे आणि आसन ठेंगणे. त्यामुळे बसले की गुडघे छातीशी येतात आणि मांड्यांना आधार राहत नाही. सगळा भार कमरेच्या खालच्या टोकावर. पाय लांब करावे तर पुढच्या आसनाचा पत्रा. बाजूला वळावे तर चाकाच्या कमानीचा फुगवटा. हे सगळे इंदूर येईपर्यंत कळले. पण हे शरीराचे झाले. त्याहून वेगळी गोष्ट इंदूर सोडल्यावर ध्यानात आली.

पुढे मावसभाऊ काहीतरी सांगत होता. चाकांचा आणि एसीचा आवाज मागे सर्वांत जास्त असतो. मला बोलणे ऐकू येत नव्हते, फक्त हसणे ऐकू येत होते.

‘काय झालं?’ मी विचारले.

मधल्या रांगेतल्या आजी, म्हणजे त्याच्या सासूबाई, वळून म्हणाल्या, ‘काही नाही हो, असंच,’ आणि पुन्हा पुढे पाहू लागल्या.

थोड्या वेळाने पुन्हा हसणे. मी पुन्हा विचारले. या वेळी मावसभावाच्या बायकोने अर्धे सांगितले, पण सांगेपर्यंत त्यातले हसण्यासारखे संपले होते. तिसऱ्यांदा मी विचारले नाही. खिडकीबाहेर पाहू लागलो. खिडकीही तिथे पुढच्यापेक्षा लहान आहे, आणि जे दिसते ते मागे जाणारे दिसते.

ताई गाडीत गप्प असते, असे आम्ही नेहमी म्हणत आलो. ‘तुमच्या ताई नावेत किती बोलतात आणि गाडीत अगदी मौन,’ असे पाहुणे म्हणत, आणि मी उत्तर देत असे, ‘तिचा जप चालू असतो.’ असा जप तिने आयुष्यात केलेला नाही.

सिमरोळच्या पुढे चहाला थांबलो. सगळे उतरले. मला उतरायचे, तर मधले आसन दुमडले पाहिजे, म्हणजे आजोबांनी आधी उतरून बाजूला झाले पाहिजे, कुणीतरी बाहेरून खटका ओढला पाहिजे. आजोबांना कमरेचा त्रास होता, ते हळू उतरत होते. मी म्हणालो, ‘राहू द्या, मला नको चहा.’

आणि हे म्हणताच मला ताईचे सगळे ‘नको’ आठवले. वाटेत चहा नको. पाणी नको. ‘माझा उपास आहे,’ ‘माझं आत्ताच झालंय.’ आम्ही तिच्या या संयमाचे कौतुक करत होतो. ती पाणी यासाठी पीत नव्हती की मध्येच थांबा म्हणायची वेळ येऊ नये आणि आपल्यासाठी चार माणसांना उठावे लागू नये.

भेरूघाटाच्या वळणांवर मी डोळे मिटून घेतले. आपण जिथे बसलो आहोत ती जागा कोणत्या बाजूला वळणार हे मागे आधी कळत नाही, शरीराला नंतर कळते. पुढच्या आसनाची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली. पुढे मुलगा आनंदाने म्हणत होता, ‘बाबा, काय पकड आहे हिची! दुसऱ्या गिअरवर आरामात उतरते!’ ते मात्र ऐकू आले. गाडीची पकड खरोखरच चांगली होती. माझी त्या गाडीविषयीची बहुतेक मते खरीच होती. ती पुढच्या आसनावरून बनवलेली होती.

मोरटक्क्याच्या पुलावर नर्मदा दिसली असणार. मागच्या खिडकीतून मला लोखंडी कठडा दिसला.

ओंकारेश्वरला उतरलो तेव्हा पाय सरळ व्हायला वेळ लागला. साडू आपल्या गाडीला टेकून उभे होते.

‘काय भाईसाहब? मोठी माणसं आरामात बसतात ना?’

‘परतताना मला तुमच्या गाडीत बसायचंय,’ मी म्हणालो. ‘मागे.’

‘मागे कशाला? मधली एक खुर्ची रिकामी आहे, पुढची देतो, हवं तर चालवा.’

‘मागेच.’

त्यांनी प्रथमच थट्टा न करता मान हलवली.

राखाडी गाडीचे खरे वर्णन करायचे तर तिचे दोषही सांगितले पाहिजेत. घाट चढताना ती कण्हते. साडूंना एसी बंद करावा लागला. दारे पातळ वाटतात. बडवाहच्या एका गतिरोधकावर तिचे पोट घासले तेव्हा साडूंनी गाडीलाच ‘सॉरी, सॉरी’ म्हटले. पण तिच्या तिसऱ्या रांगेत पाय खाली टेकतात. मधल्या दोन खुर्च्यांमधून बोळासारखी वाट आहे, तिच्यातून कुणाला न उठवता बाहेर येता येते. आणि त्याच वाटेतून बोलणे मागे येते. पत्नी आणि तिची बहीण आपल्या शाळेतल्या एका बाईंची नक्कल करत होत्या. मी मागून हसलो तेव्हा पत्नी दचकून वळली. ‘अगंबाई, तुम्हाला ऐकू येतंय?’

संध्याकाळी घरी पोचल्यावर मी ताईच्या खोलीत गेलो. अजूनही मला जे बोलायचे होते ते न बोलता काम भागेल, अशी आशा वाटत होती. म्हणालो, ‘ताई, पुढच्या वेळी तू चल. तू पुढे बस, माझ्या शेजारी.’

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ‘पुढे पाहुणे बसतात.’

‘बसू देत एखाद्या वेळी मागे.’

‘आणि मी पुढे? म्हणजे मी पाहुणी झाले का रे या घरात?’

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने साडीची घडी उलगडून पुन्हा नीट घातली. तिला जागा नको होती, हे मला समजले. जागा देऊन मी पुन्हा एकदा ते वाक्य गिळू पाहत होतो. मी पुढची खुर्ची दिली असती, तिने उपकारासारखी घेतली असती, आणि शोरूममधली ती दुपार तशीच राहिली असती. घडी घालून झाल्यावर ती म्हणाली, ‘जा, हातपाय धू. गाडी लागलेली दिसते तुला.’

दोन दिवसांनी ते जोडपे निकाल ऐकायला आले. साडूही आले, कारण निकाल त्यांच्या बाजूने लागणार असा त्यांना वास आला होता. पत्नीने साबुदाण्याची खिचडी केली होती. ताई आपल्या दिवाणावर होती. पुण्याची मंडळी दुसऱ्या दिवशी निघणार होती, तीही तिथेच बसली होती.

मी सगळे सांगितले. पांढऱ्या गाडीचे बळ, खराब रस्त्यावरचा भरवसा, पुढून दिसणारा रस्ता. राखाडीचे कण्हणे, घासणारे पोट. आणि मग तिसऱ्या रांगेचे, गुडघ्यांपासून न ऐकू येणाऱ्या हसण्यापर्यंत, जसेच्या तसे. शेवटी म्हणालो, ‘तुमच्या आई मागे बसणार असतील तर राखाडी घ्या. पुढे बसणाऱ्याला विचारून गाडी घेऊ नका.’

‘लिहून घ्या रे कुणी!’ साडू ओरडले. ‘भाईसाहबांनी आमच्या गाडीला पास केलं! रविवारचे पोहे यांच्याकडून!’

सगळे हसले. तो तरुणही हसला आणि अगदी निरागसपणे म्हणाला, ‘पण काका, मग तुम्हीच ती का नाही घेतली?’

मी बोलण्याआधी ताई बोलली. ‘वेटिंग होतं तेव्हा तिला. खूप महिने थांबावं लागलं असतं.’

ती हे अगदी सहज म्हणाली आणि खिचडीचा घास घेतला. तिने माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर मला कदाचित गप्प बसता आले असते. पण ती पाहत नव्हती, आणि त्या न पाहण्यातून मला कळले की तिला ठाऊक होते. साडूंची गाडी दारात आली त्या दिवसापासून, पेढा हातात असल्यापासून ठाऊक होते. माझे खोटे मी एकट्याने सांभाळतो आहे असे मला वाटत होते. ते आम्ही दोघे सांभाळत होतो, आणि तिचा वाटा जड होता, कारण तिला ते मागे बसून सांभाळावे लागत होते.

‘नव्हतं,’ मी म्हणालो.

आवाज नेहमीप्रमाणे लहान निघाला. मावसभाऊ म्हणाला, ‘काय?’

‘वेटिंग नव्हतं,’ मी पुन्हा म्हणालो, या वेळी वर्गात मागच्या बाकापर्यंत जावे लागते तसे. ‘गाडी तयार होती.’

पत्नीच्या हातातला डाव थांबला.

‘अरे, असू दे,’ ताई हलक्या आवाजात म्हणाली. ‘पाहुण्यांसमोर कशाला आता. थंड होतेय ती खिचडी.’

‘पाहुण्यांसमोरच तू मला दरवेळी सांभाळून घेतलंस,’ मी म्हणालो. पुढचे शब्द मी आधी कधी जुळवून ठेवले नव्हते, म्हणून ते तुटक आले. ‘ताई, तू त्या गाडीतून उतरलीस आणि म्हणालीस की ही बरी आहे. मी ऐकलं होतं. मला पुढची उंच खुर्ची आवडली, म्हणून खोटं बोललो. तू यायची थांबलीस तेव्हा का थांबलीस हे मला कळत होतं, तरी मी तुला म्हातारी म्हणालो आणि गप्प बसलो. तुझी नर्मदा मी बंद केली. माझं चुकलं, ताई. मला माफ कर.’